टर्टलनेक: आधी कॉलर बघा, मग बाकी सगळं

टर्टलनेक, म्हणजे मान झाकणाऱ्या उंच कॉलरचा विणलेला कपडा, घ्यायला गेलेला माणूस बहुधा आधी रंग बघतो, मग साइज. कॉलरकडे लक्ष जातं ते घरी आल्यावर, आरशासमोर उभं राहिल्यावर. कुणाची मान एकदम आखूड वाटायला लागते, कुणाला गळ्याशी टोचतं, कुणाच्या हनुवटीखाली दुमड फुगून बसते आणि दिवसभर हात तिथेच जात राहतो. मग कपडा कपाटाच्या तळाशी जातो आणि "मला टर्टलनेक शोभत नाही" असा निकाल लागतो. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेकांना टर्टलनेक शोभतो, फक्त त्यांनी आपल्या मानेची कॉलर घेतलेली नसते. म्हणून या लेखात सगळ्या गोष्टी कॉलरपासून सुरू होतात: निवड, तपासणी, वापर, धुणं, दुरुस्ती.

त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण हा कपडा कशासाठी जन्मला हे कळलं की तो कसा घालायचा हेही कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा उंच गळ्याचा विणलेला स्वेटर खलाशी, मच्छीमार, मजूर आणि खेळाडू घालत. त्या काळी सभ्य पुरुषाच्या शर्टाची कॉलर स्टार्चने कडक केलेली असे. ती घालून दोर ओढता येत नाही की घोडा दामटता येत नाही. विणलेली कॉलर बटणाशिवाय डोक्यावरून चढते, मानेबरोबर वळते आणि वारा आत येऊ देत नाही. ब्रिटिश पाणबुड्यांवरच्या नौसैनिकांना मिळणारा जाड, पांढरट लोकरी स्वेटर याच घराण्यातला. १९२०च्या दशकात नाटककार-नट नोएल कॉवर्ड रंगीत टर्टलनेक घालून वावरू लागले, आणि आपण ते दिखाव्यापेक्षा सोयीसाठी घातले असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या सँ-जर्मँ-दे-प्रे भागातल्या तळघरांत गायिका ज्युलिएत ग्रेको काळ्या टर्टलनेकमध्ये गायल्या, १९५७ साली 'फनी फेस' चित्रपटातल्या नाचात अभिनेत्री ऑड्री हेपबर्नने तो पडद्यावर नेला, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी चामडी जॅकेट आणि बेरे टोपीबरोबर तो आपल्या पोशाखात घेतला.

एवढ्या वेगवेगळ्या माणसांना एकच कपडा का लागला? टाय नाकारायचा, पण गबाळं दिसायचं नाही, ही सोय दुसऱ्या फारच थोड्या कपड्यांत आहे. टर्टलनेक अंगावर चढला की गळ्याशी दुसरं काही लागत नाही. चेहऱ्याची चौकट तो एकटाच बांधतो. ती चौकट नीट बसली नाही तर लपवायला शर्टाची कॉलर नाही, टायची गाठ नाही, काहीच नाही.

पहिली पायरी: कॉलरचा प्रकार ओळखा

पूर्ण टर्टलनेकची कॉलर उलगडली तर साधारण १६ ते २२ सेंटिमीटर भरते आणि एकदा दुमडल्यावर निम्मी होते. लेबलवर पोलो नेक किंवा रोल नेक लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा कपडा हाच असतो. मॉक टर्टलनेकला दुमड नसते. ४ ते ६ सेंटिमीटरची उभी पट्टी असते, कधी आतून दुहेरी. फनेल नेक अंगाच्या विणीतूनच वर चढत जातो आणि मानेपासून थोडा सुटा राहतो. काउल नेक सैल असतो, घड्या पाडत छातीवर उतरतो. तो सुंदर दिसतो, पण टर्टलनेकचं काम करत नाही, आणि कोटाखाली तर हमखास गोंधळ घालतो.

स्टीव्ह जॉब्ज यांच्यासारखा काळा टर्टलनेक हवा म्हणून निघणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जपानी डिझायनर इस्सी मियाके यांनी त्यांच्यासाठी बनवलेल्या त्या कपड्यांची कॉलर मॉक होती. त्यांचा तो सुटसुटीतपणा बऱ्याच अंशी त्या बुटक्या पट्टीतून आला होता. पूर्ण दुमडीचा, जाड विणीचा टर्टलनेक घेऊन तसं दिसण्याची अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल.

दुसरी पायरी: स्वतःची मान मोजा

आरशासमोर ताठ उभे राहा, नजर समोर ठेवा. गळ्याखालच्या खळगीपासून हनुवटीचा तळ मानेला मिळतो तिथपर्यंत टेप सरळ धरा. दुमडलेली कॉलर या अंतराएवढी किंवा बोटभर कमी असावी. जास्त असेल तर मान खाली घातली की दुमड हनुवटीला ढकलते आणि वर बघितलं की खाली गोळा होते. मान आखूड असणाऱ्यांना अनेकदा सांगितलं जातं की टर्टलनेक विसरा. माझा सल्ला उलटा आहे: मॉक घ्या, बारीक विणीचा घ्या, आणि त्वचेच्या रंगाच्या जवळ जाणारा रंग टाळून गडद रंग घ्या, म्हणजे पट्टीची कड ठळक राहते आणि वरची मोकळी मान उठून दिसते. लांब, सडपातळ मान असलेल्यांना जाड दुहेरी दुमडही चालते. त्यांच्यावर उलट मॉकच कधीकधी अर्धवट वाटतो.

घेर तपासायला कॉलर दुमडून दोन बोटं आत सरकवा. सहज जायला हवीत, आणि काढल्यावर कॉलर परत त्वचेला टेकायला हवी. बोटं घुसवावी लागली तर संध्याकाळपर्यंत गळा आवळल्यासारखा होईल. कॉलर मानेभोवती नुसती उभी राहिली तर काही धुण्यांतच ती ढासळेल.

गळ्याशी काहीही टेकलेलं ज्यांना सहनच होत नाही, त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. समोर छोटी चेन असलेला उंच गळा घ्यावा, आत घेतला की अर्धी चेन उघडावी. दिसायला फार फरक पडत नाही.

तिसरी पायरी: कॉलर उलटी करून बघा

या पायरीवर थोडा जास्त वेळ द्या, कारण चांगला आणि सुमार टर्टलनेक यांतला फरक इथेच सापडतो.

प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ६० सेंटिमीटर असतो आणि मानेचा ३२ ते ४२. म्हणजे कॉलरला दर वेळी जवळजवळ दीडपट ताणून डोक्यावरून जायचं असतं आणि लगेच मानेवर परत यायचं असतं. म्हणून ती रिब विणीची असते: सुलट टाक्यांचा एक उभा रकाना, उलट टाक्यांचा एक, किंवा दोन-दोन. हे रकाने पेटीच्या भात्यासारखे एकमेकांत मिटतात आणि ओढलं की उघडतात. तेव्हा कॉलर दोन्ही हातांनी डोक्याच्या घेराएवढी ताणा, मनात पाच मोजा, सोडा. ती लगेच मिटली तर उत्तम. कड लाटेसारखी वेडीवाकडी राहिली तर तो कपडा तिथेच ठेवा. ताणताना वरच्या कडेचा धागा करकरला, तर विणकाम संपवताना टाके फार आवळून बंद केलेत. अशी कड एक दिवस डोक्यावरून जाताना तुटते.

आता कपडा उलटा करा आणि कॉलर अंगाला जिथे जोडली आहे ती जागा बोटाने चाचपा. चांगल्या स्वेटरमध्ये कॉलरचा एकेक टाका अंगाच्या एकेका टाक्याला जोडलेला असतो. याला लिंकिंग म्हणतात. ती शिवण सपाट, मऊ आणि ताणली जाणारी असते. स्वस्तात काम केलेलं असेल तिथे कॉलर कापून ओव्हरलॉक, म्हणजे कापलेल्या कडेवर धागे गुंडाळणारी यंत्राची शिवण, मारलेलं असतं. बोटाला जाड दोरीसारखा कंगोरा लागतो, आणि तो दिवसभर मानेच्या मुळाशी घासतो. सुती जर्सीच्या पातळ टर्टलनेकला ओव्हरलॉक चालतं, पण तिथेही कंगोरा बारीक हवा. काही स्वेटरमध्ये मात्र शिवणच सापडणार नाही. जपानच्या शिमा सेकी कंपनीने १९९५ मध्ये अख्खा कपडा एकसंध विणणारं यंत्र आणलं, त्या पद्धतीने विणलेले स्वेटर असे असतात. मानेला ते फार सुखाचे.

अजून एक बारकावा. कॉलरची स्वतःची उभी शिवण मानेमागे किंवा बाजूला असते. कॉलर दुमडली की तिची आतली बाजू बाहेर येते, म्हणून जाणता कारागीर अर्ध्या उंचीवर शिवणीची बाजू बदलतो; खालचा अर्धा भाग आतून शिवलेला, वरचा अर्धा बाहेरून. दुमडल्यावर शिवण कुठूनच दिसत नाही. एवढं केलेलं आढळलं तर बाकीचा कपडाही बहुतेक मनापासून केलेला असतो.

चौथी पायरी: धागा

टर्टलनेक टोचतो तो लोकरीमुळे, अशी तक्रार सरसकट ऐकू येते. टोचतात ते जाड तंतू. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत आणि त्वचेत रुततात. अशा तंतूंचं प्रमाण शंभरात पाचाच्या पुढे गेलं की बहुतेकांना टोचल्यासारखं जाणवू लागतं. मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर यापेक्षा बरीच बारीक असते. लेबलवर मायक्रॉन दिलेले असतील आणि आकडा १९.५ किंवा त्याहून कमी असेल, तर गळ्याशी घालायला निर्धास्त घ्या. आकडा नसेल तर कॉलर तळहातावर घासून काही कळत नाही, कारण तिथली त्वचा जाड असते. जबड्याखाली किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून बघा.

कॅशमिअर आणखी मऊ आणि हलकं, पण नाजूक. बाहीच्या आणि कॉलरच्या घासल्या जाणाऱ्या जागी गोळे लवकर येतात. सूत त्वचेला सुखाचं, मात्र त्याला स्वतःची उसळी नसते. निव्वळ सुती टर्टलनेकची कॉलर सैल पडणारच. लेबलवर ३ ते ५ टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा कृत्रिम धागा, असेल तर टिकेल. व्हिस्कोज आणि मोडाल अंगावर सुरेख पडतात, पण ओले झाले की लांबतात. अॅक्रिलिक ऊब देतं आणि धुवायला सोपं, पण कोरड्या हवेत केसांना चिकटतं, चटचट ठिणग्या देतं आणि घाम आतच ठेवतं. लोकर याच्या नेमकी उलट वागते: स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प शोषूनही ती ओली लागत नाही. म्हणून बाहेर गारठा आणि आत ऊब अशा ये-जा करणाऱ्या दिवसाला बारीक मेरिनोच्या जवळपास काही येत नाही. एकच टर्टलनेक घ्यायचा असेल तर मी तोच घेईन.

विणीची जाडी गेजमध्ये सांगतात, म्हणजे यंत्रावर एका इंचात किती सुया. १२ किंवा त्याच्या वरची वीण पातळ, शर्टाखाली-कोटाखाली जाणारी. ७च्या आसपास मध्यम. ३ ते ५ म्हणजे जाडजूड; तो एकट्याने घालायचा, त्यावर कोट चढवायचा तर सैलच हवा.

पाचवी पायरी: अंगाचं फिटिंग

कॉलर जमली की बाकीचं सोपं आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. पातळ विणीचा टर्टलनेक अंगालगत असावा, पण ताणलेला नसावा: छातीवर टाक्यांमधून उजेड किंवा आतला कपडा दिसत असेल तर एक साइज मोठा घ्या. छाती भरलेली असेल तर अंगावर रिब वीण टाळा, कारण तिच्या उभ्या रेषा वळून प्रत्येक वळण अधोरेखित करतात. साधी सपाट वीण बरी. जाड विणीचा असेल तर गळ्याशी आधीच भर असते, तेव्हा खाली सरळ, मोजक्या घेराची पँट किंवा स्कर्ट घ्यावा. लांबी कमरेच्या पट्ट्याखाली चार बोटं पुरे.

उकाड्यातही हा गळा आवडत असेल तर बिनबाह्यांचा, पातळ सुती किंवा रेशीम-मिश्रित टर्टलनेक असतो. उघडे खांदे आणि झाकलेला गळा ही जोडी फार देखणी दिसते आणि तिचा वापर व्हायला हवा तेवढा होत नाही.

सहावी पायरी: कशाबरोबर घालायचा

कोटाखाली टर्टलनेक हा या कपड्याचा सर्वांत उपयोगी अवतार. १९६८ साली 'बुलिट' चित्रपटात नट स्टीव्ह मॅक्वीनने ट्वीड जॅकेटखाली गडद निळा टर्टलनेक घातला; १९८० मध्ये 'कॉसमॉस' मालिकेत खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी तोच जोड विश्वाच्या गोष्टी सांगायला छोट्या पडद्यावर आणला. दोघांचंही जमलं त्याचं कारण पोताचा फरक: वर खरखरीत किंवा जाड कापड, आत गुळगुळीत, बारीक वीण. दोन्ही सारखंच जाड असेल तर माणूस बांधून ठेवल्यासारखा दिसतो. कोट घालून हात पुढे करा; काखेत आणि दंडावर वीण गोळा होत असेल तर वीण जाड आहे किंवा कोटाची काख तंग आहे. कोटाची कॉलर मागच्या बाजूला विणीला टेकायला हवी, आणि वर दोन बोटं टर्टलनेक दिसायला हवा. मॉक असेल तर बोटभर दिसला तरी चालतो, पण कोटाच्या कॉलरखाली तो पूर्ण बुडाला तर साध्या टी-शर्टासारखा वाटतो.

रंगात कोट आणि वीण यांतलं एक स्पष्टपणे गडद आणि दुसरं फिकं ठेवा, नाहीतर दोन्ही एकाच रंगाच्या घरातले घ्या. जवळजवळ सारखे, पण न जुळणारे दोन निळे सर्वांत वाईट दिसतात. समारंभाला टायऐवजी टर्टलनेक घालण्याची पद्धत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जोरात होती, डिनर जॅकेटखालीसुद्धा. आजही ती चालते, मात्र वीण रेशमी-पातळ हवी आणि कॉलर नवीनसारखी ताठ.

शर्टाखाली घालायचा तर सर्वांत पातळ घ्या आणि शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवा. बिनबाह्यांच्या ड्रेसखाली तोच पातळ टर्टलनेक थंडीतही ड्रेस वापरात ठेवतो. ओव्हरकोटाखाली पूर्ण दुमड असेल तर मफलरची गरज नाही. दोन्ही घेतले की मान वळत नाही.

पूर्ण काळ्या पोशाखाबद्दल थोडं. 'फनी फेस'मधल्या त्या नाचात हेपबर्नच्या काळ्या टर्टलनेक, काळ्या पँट आणि काळ्या बुटांबरोबर दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन यांनी पांढरे मोजे घालायचा आग्रह धरला. तिला ते पटत नव्हतं, आकृतीची सलग रेघ तुटेल असं वाटत होतं. पण मोज्यांशिवाय पावलांची हालचाल काळोखात हरवली असती. एकरंगी पोशाखात नजरेला थांबायला एक जागा लागते: मोजे, पट्टा, घड्याळ, काहीही एक.

काळा रंग चेहऱ्याची रेघ ठळक करतो, पण कोंडा आणि तंतूही ठळक दाखवतो. गळ्याशी असलेला रंग चेहऱ्यावर परावर्तित होतो, म्हणून घेण्यापूर्वी खिडकीच्या उजेडात बघा.

दागिन्यांत गळ्यालगतची माळ नको. लांब साखळी छातीच्या मध्यावर येऊ द्या किंवा फक्त कानातलं घाला. लोंबतं, टोकदार कानातलं मात्र विणीत अडकून धागा ओढतं. केस लांब असतील तर बांधलेले बरे, नाहीतर कॉलरमध्ये गुंततात. दाढी असणाऱ्यांनी मानेवरचे खुंट काढलेले ठेवावेत. कॉलरच्या कडेला गोळे येण्याचं तेच मोठं कारण. मेकअप करायचा असेल तर आधी टर्टलनेक घाला. नंतर टर्टलनेक काढताना चेहऱ्यावर पातळ रुमाल धरा.

सातवी पायरी: धुणं आणि वाळवणं

लोकरी टर्टलनेक दर वेळी धुवायची गरज नसते. काढला की कॉलर पूर्ण उलगडून रात्रभर हवेवर ठेवा. मळते ती आधी कॉलर, त्वचेच्या तेलाने. ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून तेवढीच पुसून घेतली तर अख्खं धुणं लांबवता येतं.

धुताना पाणी ३० अंशांच्या वर नको आणि लोकरीसाठीचा सौम्य डिटर्जंट घ्या. साध्या पावडरीतली काही एन्झाइम प्रथिनं तोडण्यासाठीच असतात, आणि लोकर हे प्रथिनच आहे. कपडा उलटा करून दहा मिनिटं भिजवा, हलकेच दाबा. चोळू नका: लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते उष्णतेत आणि घासण्यात एकमेकांत अडकले की कपडा आटतो, आणि आटलेला परत येत नाही. पिळूही नका. मोठ्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा, वरून दाबा. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर आडवा वाळत घाला, बाह्या अंगालगत, आणि कॉलर उलगडलेली. दुमडून वाळवली तर आतला थर ओला राहून वास धरतो आणि दुमडीची घडी कायमची बसते. रिबवर इस्त्री टेकवू नका, वरून नुसती वाफ द्या.

सैल झालेली लोकरी कॉलर बहुधा सावरता येते. फक्त कॉलर कोमट पाण्यात बुडवा, टॉवेलने टिपा, बोटांनी रकाने एकमेकांजवळ सारून आखूड-अरुंद करा आणि तशीच आडवी वाळू द्या. सुती कॉलरला याचा उपयोग कमी होतो. तिच्या आतल्या बाजूने पारदर्शक इलॅस्टिक धाग्याच्या दोन-तीन फेऱ्या उलट टाक्यांतून ओवून घ्या, बाहेरून काही दिसत नाही. गोळे हाताने उपटू नका, प्रत्येक गोळ्याबरोबर चांगले तंतूही निघतात. स्वेटरचा कंगवा किंवा गोळे काढायचं यंत्र हलक्या हाताने फिरवा.

आठवी पायरी: ठेवणं

हँगरवर कधीच नको, खांद्यांना उंचवटे येतात आणि कॉलरचं वजन गळा खाली ओढतं. घडी घालून ठेवा, कॉलर घडीच्या वरच्या बाजूला मोकळी. ऋतू संपल्यावर धुतल्याशिवाय ठेवू नका. कसर लावणारा पतंग स्वतः काही खात नाही, त्याच्या अळ्या लोकर खातात, आणि घाम किंवा अन्नाचे डाग असलेल्या जागा त्यांना आधी सापडतात. म्हणून भोकं बहुधा गळ्याशी आणि काखेत दिसतात. स्वच्छ, पूर्ण कोरडा कपडा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. कसर लागल्याचा संशय आला तर त्याच पिशवीतली हवा काढून ती उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं.

नव्या स्वेटरबरोबर अनेकदा लेबलला छोट्या पुडीत जास्तीचा धागा येतो. तो फेकू नका. पुडीवर कपड्याची ओळख लिहून शिवणाच्या डब्यात ठेवा, आणि कॉलरशी एखादा टाका उसवलेला दिसला की त्याच दिवशी त्या धाग्याने धरून टाका. रिबमधला सुटलेला टाका पुढच्या वेळी कपडा डोक्यावरून चढवतानाच उभ्या रकान्यात खालपर्यंत उसवत जातो.